रंग जातो

शिरपूरहून आत्येभावाने लोणच्याची बरणी पाठवली,
ती फुटू नये म्हणून भोवती हा अभ्रा.
बरणी झिरपत होती, मँचेस्टरच्या विमानतळावर ठेवून घेतली.
अभ्रा तेवढा सोडला.

जाडंभरडं सूत, हिरड्यात भिजवलेलं.
मंजिष्ठेची वेल,
काळ्या रेघा गंजक्या खिळ्यांच्या आणि गुळाच्या,
वेलीवर हळदीची फुलं, चौसष्ट.
मोजली, कारण इथे नोव्हेंबरात चारलाच अंधारतं
आणि माणूस काहीही मोजत बसतं.

शेजारी मिस्टर क्रॉसली, त्यांची पाठ धरलेली.
मी अभ्र्यात उशी भरली, म्हटलं, पाठीशी घ्या.
त्यांनी ती आधी नाकाशी नेली,
मग चष्मा काढून डोळ्यांशी.
एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात, इथेच, मिल्न्सब्रिजला,
कोल्न नदीच्या काठी.
"आज काय चाललंय ते फळ्यावर नाही बघायचो,
पुलावरून बघायचो.
कधी नदी जांभळी,
शाळांचे गणवेश असले की आठवडाभर बाटलीसारखी हिरवी."

मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.
तिसऱ्या ओळीत ठसा सरकलाय,
देठ इकडे, फूल तिकडे,
मधे ज्वारीच्या दाण्याएवढं कोरं सूत.
"इथे शिंकला बघ, पोरी, तुझा माणूस."
असला माल ते कामगारांना अर्ध्या दरात देत.
त्यांच्या लग्नातलं पांघरूण तसलंच होतं,
डोरीनला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी दाराशी उभे,
टोपी हातात, पिशवी काखेत,
चेहरा असा की जणू माझं मांजर त्यांच्या गाडीखाली आलंय.
चहा सांडला होता.
धुतला त्यांनी अभ्रा, धुण्याच्या सोड्याने, चांगला चोळून,
आणि फुलं लाल.
चौसष्टच्या चौसष्ट.

मी हसले, जिन्याचा कठडा धरून हसले.
हळदीला साबण लागला की हे व्हायचंच,
हळदीच्या दिवशीची साडी धुणाऱ्या कुणालाही विचारा.
कुंकू तरी दुसरं काय असतं?
हे सगळं इंग्रजीत सांगायला गेले
आणि कुंकवापाशीच अडकले.

त्यांनी ऐकलंही नाही.
अभ्रा उजेडाकडे धरून म्हणाले, "अल्कली."
चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आवाज एकदम तिशीतला.
"थांब."
कोपऱ्यावरच्या फिश-अँड-चिप्सवाल्याकडून
व्हिनेगरची बाटली घेऊन आले.
मागून आणली की उचलून, विचारलं नाही.

माझ्या भांडी घासायच्या बेसिनमध्ये,
बाह्या कोपराच्या वर,
पाण्यात आधी करंगळी, मग सूत.
फुलांना काही घाई नव्हती.
एक पिवळं झालं.
मग बराच वेळ काही नाही.
मग त्याच्या शेजारचं.

मंजिष्ठेचं थोडं पाणी गुलाबी होऊन सुटलं,
भोकाकडे गोल फिरत निघालं.
"ह्याला तुमच्यात काय म्हणतात?"
रंग जातो, म्हणतात.
मी शब्द सुटे करून दिले: रंग. जातो.
"कुठे?"

खिडकीखाली, झाडांच्या मागे, नदी.
हल्ली पाण्याच्याच रंगाची.
मासे परतलेत म्हणे, बगळा तर मीही पाहिलाय.
मिस्टर क्रॉसली हात पुसत
बराच वेळ तिकडे बघत राहिले.
"रिकामी वाटते," म्हणाले.

अभ्रा रेडिएटरवर वाळतोय,
घरभर चिप्सचा वास.
शिवणीजवळच्या एका फुलाला व्हिनेगर पोचलंच नाही,
ते अजून लाल आहे.
सकाळी ते बघायला येतील,
म्हणून ती बाजू मी
भिंतीकडे केली.